खुद्रीची पिल्लं: छोट्या टाकीपासून नदीपर्यंत



वाकडच्या सोसायट्यांमध्ये ज्यांच्या घरी मोठा फिश टँक आहे, त्यांना एक नियम पक्का ठाऊक असतो. ऑस्कर किंवा अरोवानासारखा मासा, म्हणजे जो पुढे फूटभर किंवा त्याहूनही मोठा होणार आहे, त्याचं दोन-तीन इंचांचं पिल्लू आणलं तर ते थेट मोठ्या टाकीत सोडायचं नाही. आधी वेगळी, छोटी टाकी. पिल्लू जरा अंगानं भरलं, खायला लागलं, की मग मोठ्या टाकीत. दुकानदार सांगतो आणि आपण ऐकतो. का, हे फारसं कोणी विचारत नाही.

आज आपण या नियमाचा इतिहास बघणार आहोत. आम्हाला तो सांगावासा वाटतो याचं कारण असं, की त्यातलं एक मोठं प्रकरण आपल्याच खोऱ्यात घडलं आहे. वाकडच्या कडेनं मुळा वाहते. या मुळा-मुठेतला एक मोठा मासा, त्याची पिल्लं आणि इथून तासाभरावर लोणावळ्याला असलेल्या काही छोट्या टाक्या, एवढीच ही गोष्ट आहे. पण तिचा शेवट दूर कर्नाटकात, कावेरीवर होतो, आणि तो शेवट सुखाचा नाही.

आधी नियमाचं कारण समजून घेऊ. अंड्यातून नुकतंच बाहेर आलेलं माशाचं पिल्लू काही मिलिमीटरचं असतं. मत्स्यशेती करणारे त्याला ‘मत्स्यजिरे’ म्हणतात. शब्द किती नेमका आहे बघा, खरोखरच जिऱ्याएवढं. हे जिरे मोठ्या पाण्यात टाकलं तर तीन गोष्टी होतात. एक, त्याला खाणारे भरपूर असतात: मोठे मासे, बेडूक, पाणसाप, इतकंच काय, पाण्यातले किडेसुद्धा. दोन, त्याला स्वतःला खायला मिळत नाही. अन्न पाण्यात असतं, पण विखुरलेलं असतं, आणि पिल्लाला ते शोधत लांब जाता येत नाही. तीन, आपल्याला ते दिसत नाही. आजारी पडलं, मेलं, कमी झालं, काहीच कळत नाही. छोट्या टाकीत या तिन्ही अडचणी सुटतात. शत्रू नाही, अन्न तोंडाशी, आणि नजर ठेवता येते.

पण छोटी टाकी फुकट मिळत नाही. तिच्यात पाणी थोडं, म्हणजे घाण लवकर साठते. माशाच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो, आणि थोड्या पाण्यात तो पटकन जीवघेणा ठरतो. म्हणून एक तर पाणी सारखं बदलायचं किंवा वाहतं ठेवायचं. शिवाय सगळी पिल्लं सारख्या वेगानं वाढत नाहीत. जी पुढे जातात ती मागच्यांचं खाद्य खातात, आणि मांसाहारी जात असेल तर मागच्या भावंडांनाच खातात. म्हणून आकाराप्रमाणे निवडून त्यांना पुन्हा वेगळं करायचं. म्हणजे एका टाकीच्या दोन होतात आणि दोनाच्या चार. हे काम कष्टाचं आहे आणि रोजचं आहे. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता नदीकडे येऊ. १८२४ ते १८३१ या काळात विल्यम हेन्री साइक्स नावाचा लष्करी अधिकारी मुंबई सरकारसाठी दख्खनची सांख्यिकी माहिती गोळा करत हिंडत होता. गावं, शेती, माणसं यांच्या नोंदी करणं हे त्याचं मुख्य काम. पण गृहस्थ हौशी होता, त्यानं पक्षीही नोंदवले आणि मासेही. दख्खनच्या माशांवरचा त्याचा अभ्यास लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेपुढे मांडला गेला, १८३९ मध्ये त्याचा सारांश आला आणि १८४१ मध्ये चित्रांसह सविस्तर निबंध. त्यात पुण्याच्या पूर्वेला मुळा-मुठेत मिळालेल्या एका मोठ्या खवल्यांच्या माशाचं वर्णन आहे. शास्त्रात आज तो ‘टॉर खुद्री’ या नावानं ओळखला जातो. आपण त्याला महसीर म्हणतो.

यातलं ‘खुद्री’ हे नाव लॅटिन नाही, ग्रीकही नाही. नदीवर जाळं टाकणारी आपली माणसं जो शब्द वापरत होती, तोच साइक्सनं उचलला. ‘कोळस’, ‘मळ्या’, ‘फुलुंगी’ ही नावंही त्यानं अशीच घेतली आणि ती आज जगभरच्या शास्त्रीय यादीत आहेत. म्हणजे जगाला या माशाची ओळख झाली ती आपल्या नदीतून, आणि तीही मराठी तोंडून.

अर्थात दख्खनच्या माणसाला मोठ्या माशांचं कौतुक त्याच्याही फार आधीपासून होतं. बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य घराण्यातल्या तिसऱ्या सोमेश्वर राजानं ‘मानसोल्लास’ नावाचा प्रचंड ग्रंथ रचला. त्यात गळानं मासे धरण्याच्या करमणुकीवर एक प्रकरण आहे. कोणत्या माशाला कसलं आमिष घालायचं, त्याचे गोळे कसे करायचे, हे तिथे बारकाईनं सांगितलंय. दुसऱ्या बाजूला तीर्थक्षेत्रांची रीत. इंद्रायणीकाठी देहू-आळंदीला, रायगड जिल्ह्यात वाळण कोंडीला, अशा ठिकाणी डोहातले मासे मारायचे नाहीत, उलट त्यांना चुरमुरे-फुटाणे घालायचे. या डोहांनी महसीरासारखे मासे पिढ्यान् पिढ्या सांभाळले. पण एक फरक आहे. डोह मोठ्या माशाला सांभाळतो. पिल्लं वाढवायची जागा वेगळी लागते, आणि ती नदी स्वतःच पुरवत होती. पावसाळ्यात पूर आला की महसीर वरच्या अंगाला चढायचे, उथळ, खडकाळ, वाहत्या पाण्यात अंडी घालायचे. पिल्लं तिथल्या काठाकाठाच्या उथळ पाण्यात वाढायची. नदीच्या वेगळ्या, छोट्या टाक्या म्हणा हव्या तर.

त्या टाक्या तुटल्या कशा? मुंबईच्या गिरण्यांना वीज हवी होती. त्यासाठी टाटांच्या कंपनीनं लोणावळ्याच्या परिसरात वळवण, शिरोटा ही धरणं बांधली, आणि १९१५ मध्ये खोपोलीचं वीजघर सुरू झालं. मग मुळेवर मुळशीचं धरण आलं. मुळशी म्हटलं की आपल्याला १९२१ चा सत्याग्रह आणि सेनापती बापट आठवतात, आणि ते योग्यच आहे, कारण तिथं माणसांची गावं बुडाली. पण त्याच धरणांनी माशांची वाटही अडवली. शिवाय पूर्वेकडे यायचं पाणी बोगद्यातून आणि नळांतून पश्चिमेला, कोकणात उतरवलं गेलं. खालची नदी रोडावली. मग लोकवस्ती, कारखाने, सांडपाणी, वाळूउपसा, सुरुंग लावून मासे मारणं हे सगळं आलं. पिंपरी-चिंचवडचा गेल्या साठ-सत्तर वर्षांचा इतिहास आपल्याला माहीत आहे, तो सांगत बसत नाही.

आता गंमत बघा. धरणानं नदी तोडली, पण धरणामागे जो तलाव झाला त्यात महसीर टिकून राहिले. पावसाळ्यात ते तलावात येणाऱ्या ओढ्यांच्या तोंडाशी जमायचे, कारण वाहत्या पाण्याची ओढ गेलेली नव्हती. म्हणजे अंडी द्यायला तयार असलेले मासे कुठे आणि केव्हा सापडतील, हे ठरलेलं होतं. लोणावळ्याचा प्रयोग उभा राहिला तो या एका गोष्टीवर.

त्याआधी थोडं बाहेर डोकावू. माशाची अंडी हातानं काढून फलित करायची, पिल्लं ट्रेमध्ये वाढवायची, ही विद्या युरोपात ट्राउट माशावर तयार झाली. जर्मनीत याकोबी नावाच्या गृहस्थानं १७६३ मध्ये तिची पद्धत छापून प्रसिद्ध केली होती. इंग्रजांना भारतातल्या थंड डोंगरी नद्यांत ट्राउटची शिकार हवी होती, म्हणून विसाव्या शतकाच्या सुरुवातीला काश्मीर आणि निलगिरीत ट्राउटची हॅचरी आली. म्हणजे वाहत्या पाण्याच्या छोट्या टाक्या भारतात आल्या त्या परक्या माशासाठी. आपल्या माशांचं काय? रोहू-कटल्याचं बीज तेव्हा नदीतूनच गोळा करत आणि बंगालमधून मातीच्या हंड्यांत भरून रेल्वेनं लांबलांब पाठवत. १९५७ मध्ये कटकला हिरालाल चौधरी यांनी पिट्युटरी ग्रंथीचा अर्क टोचून या माशांकडून तळ्यातच अंडी घेतली, आणि मत्स्यबीज घरच्या घरी तयार व्हायला लागलं. १० जुलै हा दिवस त्यासाठीच मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळतात.

महसीर मात्र या हिशोबात बसत नव्हता. रोहूची मादी किलोमागे लाख-दोन लाख अंडी देते, महसीराची मादी काही हजार. अंडी मोठी, जड, तळाशी बसणारी. पिल्लांची वाढही सावकाश. धंद्याच्या दृष्टीनं हा आतबट्ट्याचा व्यवहार. मग हे काम करणार कोण?

इथे आपल्या गोष्टीत सी. व्ही. कुलकर्णी येतात. मुंबई प्रांताच्या मत्स्य खात्यातला हा शास्त्रज्ञ. १९४० मध्ये त्यांनी मुंबई इलाख्याच्या किनारपट्टीवरच्या एका पारदर्शक, जेमतेम इंचभर लांबीच्या माशाचं वर्णन प्रसिद्ध केलं होतं, ‘होराइक्थिस सेटनाय’ हे त्याचं नाव. आयुष्याच्या सुरुवातीला इतका चिमुकला मासा अभ्यासणारा माणूस पुढे दख्खनच्या सगळ्यात भारदस्त माशाकडे वळला. १९७० च्या सुमारास लोणावळ्याला टाटांच्या वीज कंपनीच्या तलावांवर त्यांनी महसीराची अंडी, त्यांची वाढ, पिल्लांच्या अवस्था यांचा अभ्यास केला आणि तो बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात छापून आला. एस. एन. ओगले यांनी त्यांच्याबरोबर आणि त्यांच्यानंतरही हे काम वळवणच्या हॅचरीत वर्षानुवर्षं चालवलं.

ते करायचे काय? पावसाळ्यात ओढ्यांच्या तोंडाशी जाळी लावून तयार नर-मादी धरायचे. मादीच्या पोटावरून हलक्या हातानं दाब देत अंडी कोरड्या भांड्यात काढायची, त्यावर नराचं वीर्य घ्यायचं, हलकेच मिसळायचं आणि मग पाणी घालायचं. फलित अंडी जाळीचा तळ असलेल्या उथळ ट्रेमध्ये पसरायची आणि ट्रे वाहत्या पाण्याच्या टाकीत ठेवायचे. तीन-चार दिवसांत पिल्लं बाहेर येतात.

आणि इथेच महसीराचं वेगळेपण दिसतं. रोहूचं पिल्लू लवकर पोहायला लागतं. महसीराचं पिल्लू पोटाशी बलकाची मोठी पिशवी घेऊन येतं, आणि कित्येक दिवस तळाशी पडून राहतं. उजेड नको, हालचाल नको, कोपऱ्यात तोंड खुपसून घोळक्यानं बसायचं. या दिवसांत त्याला बाहेरचं खाद्य लागत नाही, फक्त स्वच्छ, वाहतं, प्राणवायूनं भरलेलं पाणी लागतं. अशा अवस्थेत त्याला तळ्यात सोडलं तर तळाचा गाळच त्याला मारेल. म्हणून त्याला छोटी टाकी लागते. पिशवी संपली, पिल्लू वर येऊन पोहायला लागलं, की मग बारीक खाद्य. थोडं वाढलं की दुसरी, जरा मोठी टाकी. मग संगोपन तळं. बोटाएवढं झालं की त्याला ‘बोटुकली’ म्हणायचं, आणि मग ते मोठ्या पाण्यात सोडण्यालायक झालं. मघाशी म्हटलं होतं, कष्टाचं आणि रोजचं काम. ते इथे दिवसरात्र, भर पावसात, लोणावळ्याच्या पावसात, चालायचं.

त्यातला एक शोध आम्हाला फार आवडतो, कारण तो घरगुती डोक्याचा आहे. फलित अंडी दूर पाठवायची कशी? पाण्यात पाठवली तर वजन भरमसाट, आणि हिंदकळून अंडी खराब. कुलकर्णी आणि ओगले यांनी ती ओल्या कापसाच्या थरांत ठेवून विमानानं पाठवून बघितली. ती चांगली टिकली. १९७९ मध्ये एका आंतरराष्ट्रीय मत्स्यपालन नियतकालिकात त्यांनी हे छोट्याशा टिपणात लिहिलं. महसीराच्या अंड्याला उबायला लागणारे ते तीन-चार दिवस एरवी अडचणीचे वाटतात, पण तेवढ्यात खोका देशात कुठेही पोहोचतो.

तर मंडळी, छोट्या टाकीचं कोडं सुटलं. लोणावळ्याहून लाखो बोटुकली निरनिराळ्या राज्यांतल्या तलावांत आणि नद्यांत गेली. वीज कंपनीनं धरण बांधलं आणि तिच्याच पैशानं त्या धरणातला मासा वाढवला गेला. कोणाला ही भरपाई वाटेल, कोणाला प्रायश्चित्त. काम मात्र अस्सल होतं, आणि करणाऱ्यांची आच खरी होती, याबद्दल आम्हाला शंका नाही.

मग कावेरीचं काय झालं? कावेरीत एक वेगळा महसीर होता. पाठीला कुबड, परांवर केशरी झाक, आणि आकारानं अवाढव्य. १९४६ मध्ये तिकडे गळाला लागलेल्या एका माशाचं वजन १२० पौंड, म्हणजे सुमारे ५४ किलो भरलं होतं. त्या काळापासून हा मासा जगभरच्या गळवाल्यांचं स्वप्न होता. पण कावेरीतही मासे कमी होत चालले होते. म्हणून सत्तर-ऐंशीच्या दशकांत लोणावळ्याची बोटुकली तिकडेही नेऊन सोडली गेली. हेतू चांगला. महसीर कमी झालेत, महसीर आणून सोडू. फक्त हे महसीर त्या नदीचे नव्हते. ते आपल्या कृष्णा-भीमेच्या बाजूचे, निळसर परांचे.

पुढे १९९८ ते २०१२ या काळात मासा धरून परत सोडणाऱ्या गळवाल्यांनी कावेरीवर नोंदी ठेवल्या. त्यांवरून ॲड्रियन पिंडर आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये निष्कर्ष मांडले. मासे एकूण वाढले होते, पण ते निळ्या परांचे. कुबड्या महसीराची संख्या घसरत गेली होती. आणि जे थोडे कुबडे मासे मिळत होते, ते सरासरीनं मोठे मोठे होत चालले होते. गळवाल्याला आनंद व्हावा अशी गोष्ट. पण तिचा अर्थ भयंकर आहे. मोठेच मिळतात, म्हणजे लहान उरलेच नाहीत. पिल्लं तयार होत नाहीत. म्हाताऱ्यांचं गाव झालं.

२०१८ मध्ये या कुबड्या माशाचं शास्त्रीय नाव निश्चित झालं, ‘टॉर रेमादेवी’. आणि त्याच सुमाराला तो ‘अतिसंकटग्रस्त’ यादीत गेला. ७० वर्षं जगभर प्रसिद्ध असलेल्या माशाला नीट नाव मिळालं ते तो संपत आल्यावर. याला एकटी लोणावळ्याची बोटुकली कारणीभूत आहेत असं म्हणणं अन्यायाचं होईल. कावेरीवर धरणं आहेत, वाळूउपसा आहे, सुरुंग आहेत. पण अडचणीत असलेल्या माशाच्या घरात आपण त्याचा जोमदार चुलतभाऊ नेऊन बसवला, हे नाकारता येत नाही. आणि आपला खुद्री? तो आधी ‘संकटग्रस्त’ होता, आता तो ‘फारशी चिंता नाही’ या गटात आहे.

या इतिहासातून आम्हाला जे समजलं ते असं. छोट्या टाकीत यश मोजता येतं. किती अंडी, किती जिरे, किती बोटुकली, सगळे आकडे वहीत लिहिता येतात. टाकीतून बाहेर पडल्यावर काय झालं, हे मोजायला कोणी नसतं. कावेरीवर ते मोजलं गेलं ते योगायोगानं, हौशी गळवाल्यांच्या वह्यांमुळे. म्हणून संस्था असो की सरकार, सगळ्यांचा कल टाकीकडे राहतो, कारण तिथे उत्तर लगेच मिळतं. एखादा मान्यवर नदीकाठी उभा राहून बोटुकली सोडतो, फोटो निघतो. ती नदी कोणाची, तिच्यात आधी कोण राहतं, अंडी घालायला वरचं पाणी मोकळं आहे का, हे प्रश्न फोटोत येत नाहीत.

हे आपल्या दारातही लागू आहे. उद्या कोणी म्हणालं, खुद्री मुळेचा आहे, लोणावळ्याहून चार हजार बोटुकली आणून वाकडच्या पुलाखाली सोडू, तर कल्पना गोड वाटेल. नाव आपलं, नदी आपली. पण त्या पिल्लाला लागणारं स्वच्छ वाहतं पाणी आणि खडकाळ उथळ जागा आज त्या पुलाखाली आहे का, हे नाकाला रुमाल लावून जाणाऱ्याला विचारायची गरज नाही. आधी सांडपाणी थांबवावं लागेल, पाणी सोडावं लागेल, मग बोटुकली. हा क्रम उलटा केला तर ती पिल्लं आपण मारायलाच आणली असं होईल.

आणि घरच्या टाकीचंही तेच. दोन इंचांचं पिल्लू छोट्या टाकीत वाढवायला आपण शिकलो, उत्तम. पण तो मासा दोन फुटांचा झाल्यावर कुठे राहणार, हे पिल्लू आणायच्या आधी ठरवायचं. नाहीतर एक दिवस बादलीत भरून तो नदीत सोडला जातो, दया म्हणून. ॲमेझॉनचा मासा भीमेच्या खोऱ्यात सोडणं ही दया नाही. कावेरीत तर शहाण्या, जाणत्या माणसांनी, आपल्याच देशातला मासा, चांगल्या हेतूनं सोडला होता. तिथे काय झालं ते आपण आत्ताच बघितलं.

वळवणच्या टाक्यांपाशी भर पावसात उभं राहून एकेक ट्रे सांभाळणाऱ्या माणसांचं काम लहान करायचा आमचा हेतू नाही. त्यांनी जे साधलं ते थोर होतं. त्यांचं काम बोटुकलीपर्यंतचं होतं. तिथून पुढची जबाबदारी नदीकाठी राहणाऱ्यांची, म्हणजे आपली.

इथेच थांबतो.